स्टार्ट बरा, तरी पहिल्या मार्कला मागे: डिंगीच्या, म्हणजे छोट्या शिडाच्या बोटीच्या, शर्यतीतला नेहमीचा बिघाड कसा शोधायचा

लक्षण ओळखीचं आहे. स्टार्टचा हॉर्न वाजतो तेव्हा तुम्ही पुढच्या रांगेत असता. अर्ध्या मिनिटात शेजारची बोट नाक पुढे काढते, दोन मिनिटांत तुम्ही दुसऱ्या रांगेत, आणि वाऱ्याकडच्या पहिल्या मार्कला, म्हणजे वळसा घालायच्या बोयाला, पोचता तेव्हा पंधरा बोटींत अकरावे. पुढच्या शर्यतीत पुन्हा तेच. मग शिडाला दोष, वजनाला दोष, नाहीतर "आपल्याकडे समुद्र नाही ना" हे ठरलेलं वाक्य. यातलं बहुतेक वेळा काहीच खरं नसतं. बोटीचा वेग ठीक असतो. ती दुसऱ्याच्या शिडाने बिघडवलेल्या, खराब हवेत चालत असते, आणि तिथे ती स्टार्टच्या आधीच्या चाळीस सेकंदांत अडकलेली असते.

खालचे आकडे आयएलसीए वर्गाच्या, म्हणजे जुन्या लेझरच्या, सव्वाचार मीटर लांबीच्या एकट्याने चालवायच्या बोटीचे आहेत. ऑप्टिमिस्ट चालवणाऱ्या मुलांनी अंतरं बोटलांबीत मोजली तर तीच लागू पडतात.

आधी दोन मिनिटांत तपासून घ्या

डावपेचांकडे वळण्याआधी पाण्याखाली काही अडकलेलं नाही ना ते बघा. सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाच्या फुगवट्यात जलपर्णीचे तुकडे आणि मासेमारीच्या जाळ्याचे दोरे, शहराजवळच्या तलावांत शेवाळ. डॅगरबोर्डच्या, म्हणजे बोटीखाली उभ्या सोडलेल्या फळीच्या, पुढच्या कडेला हातभर शेवाळ लटकलं तरी बोट चालत राहते, फक्त वाऱ्याकडे टोक धरत नाही आणि वाऱ्याखाली घसरत जाते. म्हणजे लक्षण हुबेहूब खराब हवेसारखंच. स्टार्टच्या तीन मिनिटं आधी बोट थांबवा, बोर्ड एक वीत वर ओढून पुन्हा खाली सोडा, मागे वाकून रडरवरून (सुकाणूवरून) हात फिरवा. एवढं नेमाने करूनही मागे पडत असाल तर पुढे वाचा.

नुकसान नेमकं कुठे होतं

बहुतेकजण "माझा पहिला लेग (मार्कपर्यंतचा टप्पा) खराब जातो" एवढंच सांगतात. त्यावरून काहीच कळत नाही. तीन क्षण वेगळे मोजा: स्टार्टनंतर ३० सेकंद, स्टार्टनंतर २ मिनिटं, आणि मार्कच्या आधी शेवटचा टॅक मारण्याचा, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून वळण्याचा, क्षण. प्रत्येक क्षणी दोनच प्रश्न: माझ्यापुढे किती बोटी, आणि माझं शीड स्वच्छ वाऱ्यात आहे का?

इथे आपल्या तलावांचा एक फायदा आहे. हिप्परग्याच्या एकरुख तलावासारख्या ठिकाणी बांधावर एक माणूस फोन घेऊन उभा केला की अख्खा लेग चित्रित होतो. समुद्रावर त्यासाठी वेगळी बोट लागते. कॅमेरा शक्यतो स्टार्ट लाइनच्या रेषेत ठेवा, बाजूला नको. चार शर्यती बघितल्या की चित्र स्पष्ट होतं. ३० सेकंदांतच मागे पडत असाल तर दोष स्टार्टच्या जागेत. ३० सेकंदांना बरे आणि दोन मिनिटांना वाईट असाल तर खराब हवेतून वेळेवर बाहेर पडत नाही. दोन मिनिटांपर्यंत बरे आणि मार्कला वाईट असाल तर वाऱ्याचे बदल किंवा लेलाइन (जिच्यावरून पुन्हा टॅक न मारता मार्क गाठता येतो ती रेषा) चुकते. एका वेळी एकच दुरुस्त करा, आणि तीही याच क्रमाने. खराब हवेत अडकलेल्या बोटीला वाऱ्याचा बदल कळूनही उपयोग नाही, कारण तिला हवं तेव्हा टॅक मारता येत नाही.

पहिला दोष: वाऱ्याखालची मोकळी जागा हातची जाते

स्टारबोर्ड टॅकवर (वारा उजवीकडून) लाइनीत उभे असताना तुमच्या डाव्या हाताला, वाऱ्याखालच्या बाजूला, जी मोकळी जागा असते ती म्हणजे वेग घेण्याचं इंधन. थांबलेली बोट सरळ क्लोज-हॉल्ड दिशेने, म्हणजे वाऱ्याच्या जास्तीत जास्त जवळून, वेग घेऊ शकत नाही. तिला आधी नाक दहा-पंधरा अंश खाली (वाऱ्यापासून दूर) सोडावं लागतं, शीड भरावं लागतं, मग वर (वाऱ्याकडे) यावं लागतं. यात ती बाजूला सरकते. डावीकडे कोणी चिकटून असेल तर नाक खाली सोडता येत नाही. मग अर्धं फडफडणारं शीड घेऊन वर-वर चालावं लागतं, बोर्डवरून पाणी पुरेसं वाहत नाही, बोट आडवी घसरते आणि डावीकडच्याच्या शिडावरून वळलेली हवा तुमच्या शिडावर येते. हॉर्नच्या वेळी तुम्ही पुढच्या रांगेत होता हे खरं, पण वेग शून्य होता.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत जागा धरून उभं राहणं सोपं. इथे पायाखालची जमीनच सरकते. एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तशी ही जागा धरता येत नाही, ती शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत राखावी लागते.

वेळापत्रक असं ठेवा. पाच मिनिटांच्या इशाऱ्याला वर्गाचा झेंडा वर जातो. त्या सुमारास लाइनच्या मध्यावर बोट थेट वाऱ्यात तोंड करून थांबवा. नाक ज्या टोकाकडे झुकलेलं दिसेल ते टोक वाऱ्याच्या जास्त जवळ. ६० मीटर लांबीच्या लाइनीत ५ अंशांचा कल असेल तर दोन टोकांत सुमारे ५ मीटरचा फरक पडतो, १० अंशांना सुमारे १० मीटरचा. पाच मीटर म्हणजे सव्वा बोट. एवढ्यासाठी गर्दीच्या टोकाला जाऊन जागा गमावू नका. दहा अंश असेल तर जा, पण अगदी टोकाला नको. टोकापासून तीन-चार बोटी आत.

त्याच फेरीत खूणही ठरवा. लाइनच्या एका टोकाला उभ्या पंचांच्या, म्हणजे कमिटी बोटीच्या बाहेरच्या बाजूला जाऊन तिच्या झेंड्याच्या काठीवरून पिनकडे (दुसऱ्या टोकाच्या बोयाकडे) बघा आणि पिनच्या मागे काठावर काय दिसतं ते लक्षात ठेवा: विजेचा खांब, एकटी बाभूळ, देवळाचा कळस. शर्यतीत पिन आणि ती खूण एका रेषेत आली की तुम्ही लाइनवर आहात. खूण नसलेले सगळे भीतीने मागे थांबतात, त्यामुळे लाइनच्या मध्यावर बोटींची रांग एक-दोन बोटलांबी मागे झुकते. खूण असलेल्याला तेवढं अंतर फुकट मिळतं.

चार मिनिटांना तयारीचा झेंडा. तो कोणता आहे ते वाचा. 'आय' झेंडा असेल तर शेवटच्या मिनिटात लाइनपलीकडे गेल्यावर टोकाला वळसा घालून परत यावं लागतं. 'यू' किंवा काळा झेंडा असेल तर शेवटच्या मिनिटात लाइन आणि पहिल्या मार्कच्या त्रिकोणात सापडलात की शर्यत संपली. फरक इतकाच की 'यू'मध्ये तीच शर्यत पुन्हा सुरू केली तर तुम्हाला परत संधी असते. काळ्या झेंड्याखाली तीही नाही.

मग खरं काम.

दीड मिनिट उरलं असताना पोर्ट टॅकवर (वारा डावीकडून), लाइनच्या दोन-तीन बोटलांबी खालून, पिनकडून कमिटी बोटीकडे जात राहा. स्टारबोर्डवर रांगेत उभ्या असलेल्या बोटींमधली फट शोधा. पोर्टवर असल्यामुळे सगळ्यांना वाट द्यायची जबाबदारी तुमची. म्हणून खालून चाला, रांगेत घुसू नका.

एक मिनिटाच्या आसपास, एका बोटीच्या बरोबर खाली टॅक मारा. तिच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा, कारण जवळ गेलात तरच खालची फट मोठी उरते. टॅक पूर्ण होऊन क्लोज-हॉल्ड दिशेवर येईपर्यंत तुम्ही तिच्यापासून दूर राहायला बांधील आहात. आल्यावर तुम्ही वाऱ्याखालची बोट, म्हणजे हक्क तुमचा, पण तिला बाजूला व्हायला सुरुवातीला जागा द्यावी लागते. टिलरला (सुकाणूच्या दांड्याला) हिसका देऊन लगेच वर उसळलात तर प्रोटेस्ट, म्हणजे तक्रार, तुमच्याच अंगावर येईल.

पंचेचाळीस ते पंधरा सेकंद: शीड फडफडू द्या, नाक हळूहळू वाऱ्याकडे ठेवा, वरच्या बोटीला वर सरकवत राहा. स्टार्टचा इशारा होण्याआधी 'प्रॉपर कोर्स' (लवकर पोचण्यासाठी बोटीने धरायची दिशा) नावाची गोष्टच नसते, त्यामुळे वाऱ्याखालची बोट अगदी वाऱ्याच्या तोंडापर्यंत वर येऊ शकते. तुम्हालाही हे लागू आहे: तुमच्या खाली कोणी येऊन बसला तर तोही तुम्हाला वर ढकलणार.

तो येऊन बसू नये म्हणून मागे बघत राहा. इथेच बहुतेकांचा घात होतो. डोळे घड्याळावर आणि लाइनवर, मागून येणाऱ्याकडे लक्ष नाही. कोणी तुमच्या फटीकडे येताना दिसला की त्याच्या दिशेने नाक खाली करा, शीड किंचित भरा. फट बुजल्यासारखी दिसते आणि तो पुढच्या फटीकडे जातो. तो गेला की पुन्हा वर या. हे तीन-चार सेकंदांचं काम आहे. फार वेळ खाली राहिलात तर आपणच आपली फट खाऊन टाकतो. तरीही कोणी घुसलाच आणि २५ सेकंदांहून जास्त वेळ असेल तर दोन झटपट टॅक मारून एक बोट-रुंदी वर सरका, अर्थात वर जागा असेल तरच. वेळ त्याहून कमी असेल तर राहू द्या. उशिरा मारलेला दुहेरी टॅक आहे त्याहून वाईट.

शेवटचे दहा सेकंद: वीस सेकंदांना तुमच्या खाली किमान एक बोटलांबी मोकळी असायला हवी. आता नाक खाली, मेनशीट (शीड ओढायचा दोर) दोन-तीन हातांत एकसारखी आत, बोट सपाट. हिसका नको. दोन बोटलांबी अंतर थांबलेल्या अवस्थेतून पार करायला मध्यम वाऱ्यात साधारण आठ सेकंद लागतात, हलक्यात बारा. पण आमच्या आकड्यावर विसंबू नका. एखाद्या बोयाजवळ थांबून दहा वेळा मोजा आणि त्या दिवसाचा आकडा मनगटावर लिहून ठेवा.

दुसरा दोष: खराब हवेत चिवटपणे बसून राहणं

पुढच्या बोटीच्या शिडामागे सहा-आठ बोटलांबीपर्यंत हवा मंद आणि गढूळ असते. ही सावली खऱ्या वाऱ्याच्या दिशेत पडत नाही. ती चालत्या बोटीला जाणवणाऱ्या वाऱ्याच्या दिशेत पडते. म्हणून पुढच्या बोटीच्या डोलकाठीवरची वायुदिशादर्शक पट्टी मागे कुठे रोखली आहे ते बघा. ती तुमच्याकडे रोखलेली असेल तर तुम्ही सावलीत. दुसरा प्रकार जास्त फसवा: वाऱ्याखालची बोट तुमच्या किंचित पुढे असते, मध्ये सावली दिसत नाही, पण तिच्या शिडाने वळवलेली हवा तुम्हाला सतत हेडर (नाक खाली न्यायला लावणारा बदल) देत राहते. तुम्हाला वाटतं वारा फिरला. शेजारच्याचं नाक मात्र वरच असतं. खरा बदल दोघांना लागतो, खराब हवा एकालाच.

निर्णय सोपा ठेवा. खालची बोट अर्ध्या बोटलांबीपेक्षा कमी पुढे असेल तर टिका. बोट सपाट ठेवून वेगाने चाला. पूर्ण बोटलांबी पुढे गेली असेल तर वाचण्याची आशा नाही, दहा सेकंदांत टॅक मारून उजवीकडे बाहेर पडा. चुकीच्या बाजूला स्वच्छ हवा मिळते म्हणून जायचं का? हो, सुरुवातीला जायचं. तिथून परत येता येतं.

पोर्टवर बाहेर पडताना समोरून स्टारबोर्डच्या बोटी येणार. घाबरून शेवटच्या क्षणी टिलर ओढून वळणारे दोन-तीन बोटलांबी गमावतात. तीन-चार बोटलांबी अंतर असतानाच मेनशीट एक हात सोडा, नाक खाली करा, त्या बोटीच्या मागच्या टोकावर नेम धरा, आणि ती पुढून जाताच शीट आत घेत पूर्ण वेगात क्लोज-हॉल्डवर या. असं केलं की नुकसान अर्ध्या बोटलांबीच्या आसपास राहतं. तिच्या ऐन नाकाखाली टॅक मारण्यापेक्षा हे स्वस्त. आणि पोर्टवर असताना चूक झालीच, धक्का लागला किंवा समोरच्याला वळावं लागलं, तर लगेच बाजूला होऊन दोन वळसे घ्या: दोन टॅक, दोन जाइब (बोटीचं मागचं टोक वाऱ्यातून नेणारी वळणं). वाद घालत पुढे जाण्यात दोन वळशांपेक्षा जास्त जातं.

तिसरा दोष: वाऱ्याचा बदल कळतो, पण आकड्यात कळत नाही

सोलापूर पठारावर आहे, समुद्रवाऱ्याची नियमित लय इथे नाही. जून ते सप्टेंबर पश्चिम-नैर्ऋत्येचा वारा बराच टिकून असतो, तरी झुळकांनी डावी-उजवीकडे झुलतो. हिवाळ्यात पूर्व-ईशान्येचा, हलका. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या रानावरून हवा वर उठते आणि वारा काही मिनिटांच्या अंतराने झुलत राहतो. तलाव लहान, लेग लहान. एका लेगमध्ये असे दोन-तीनच झोके मिळतात. एक चुकला तर भरून काढायला वेळ नसतो. म्हणून अंदाज नको, होकायंत्र वापरा.

स्टार्टआधी दहा मिनिटं दोन्ही टॅकवर चालून आकडे घ्या. समजा वारा २६५ वरून आहे: स्टारबोर्डवर तुमची दिशा २२० आणि पोर्टवर ३१०. हे मधले आकडे बोटीवर मेणाच्या पेन्सिलीने लिहा. स्टारबोर्डवर आकडा वाढला तर लिफ्ट (नाक वर घेऊ देणारा बदल), कमी झाला तर हेडर. पोर्टवर उलट: कमी झाला तर लिफ्ट. हा उलटा नियम धावपळीत डोक्यात राहत नाही, म्हणून "स्टार वाढ बरी, पोर्ट घट बरी" एवढंही लिहून ठेवा. कोणी हसलं तर हसू दे.

टॅक मारायचा कधी? मधल्या आकड्यापेक्षा पाच-सात अंश हेडर आला आणि आठ-दहा सेकंद टिकला, तर. हिशेब करून बघा. बोट सेकंदाला दीड मीटर चालते, म्हणजे मिनिटाला ९० मीटर. १० अंश लिफ्टवर ती वाऱ्याच्या मधल्या दिशेने सुमारे ७४ मीटर वर जाते, १० अंश हेडरवर जेमतेम ५२. एका मिनिटात २२ मीटर, पाच बोटींहून जास्त. एका टॅकची किंमत एक-दोन बोटलांबी. म्हणजे दहा अंशांसाठी टॅक अर्ध्या मिनिटात वसूल होतो. तीन अंशांसाठी प्रत्येक झुळकीला टॅक मारणारा नुसता हात दुखवून घेतो.

दुसऱ्या बाजूचीही किंमत कळली पाहिजे. ताफ्यापासून ५० मीटर आडवे दूर गेलात आणि वारा दहा अंश त्यांच्या बाजूला फिरला, तर जवळजवळ ९ मीटर गेले. फिरला तुमच्या बाजूला तर तेवढेच मिळाले. दर वेळी कोपऱ्यात जाणारा कधी पहिला येतो, बरेचदा शेवटचा. मालिकेत हे परवडत नाही. ताफ्यापासून वीस-पंचवीस मीटरच्या आत राहून झोके पकडणं जास्त पैसे देतं.

बांध वाऱ्याच्या बाजूला असेल तर त्याच्या उंचीच्या दहा-बारापट अंतरापर्यंत वारा फुटलेला असतो. दहा मीटरचा बांध म्हणजे शंभर-सव्वाशे मीटर पाणी बेभरवशाचं. तिथल्या आकड्यांवरून निर्णय घेऊ नका, आणि मार्क तिथेच लावला असेल तर आधीच थोडी उंची राखून ठेवा.

चौथा दोष: लेलाइन लवकर गाठणं

मार्क खांद्याच्या रेषेत आडवा दिसला की टॅक मारून तो गाठता येतो, कारण दोन टॅकमधला कोन साधारण ९० अंश असतो. हलक्या वाऱ्यात १०० धरा. पण त्या रेषेवर अर्ध्या लेगमध्येच जाऊन बसलात तर तुमच्याकडे पर्याय संपले. नंतर लिफ्ट आली तर मार्कच्या वर गेल्याने वाया, हेडर आला तर आतले सगळे पुढे. आणि तुमच्या पुढे टॅक मारणारा प्रत्येकजण तुमच्या डोक्यावर सावली टाकतो. शेवटच्या आठ-दहा बोटलांबीत लेलाइनवर या. गर्दी असेल तर एक बोटलांबी जास्त वर जाऊन या. तेवढा अपव्यय स्वच्छ हवेत परत मिळतो.

डावीकडे सोडायच्या मार्कला पोर्टवरून येऊन शेवटच्या क्षणी टॅक मारण्याचा मोह टाळा. मार्कभोवतीचा झोन तीन बोटलांबींचा, आयएलसीएला साधारण साडेबारा मीटर. झोनच्या आत पोर्टवरून स्टारबोर्डवर आलात आणि आधीपासून स्टारबोर्डवर असलेल्या बोटीला तुम्हाला चुकवण्यासाठी क्लोज-हॉल्डच्या वर जावं लागलं, तर दोष तुमचा. आतून घुसणाऱ्यालाही तुम्ही अडवू शकत नाही. स्टारबोर्डच्या रांगेत मोठी फट दिसली तर झोनच्या बाहेर, पाच-सहा बोटलांबीवर टॅक मारा. नाही दिसली तर मागून जा.

पाणी आणि आभाळ

उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून उजनी 'मायनस'मध्ये गेली की बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरी, बाभळीचे बुंधे पृष्ठाजवळ येतात. अशा वेळी नकाशावर योग्य वाटणारी काठाकडची बाजू डावपेचातून वगळा. पूर्ण खाली केलेला बोर्ड सरळ आदळला तर बोर्डच्या पेटीला तडा जातो आणि ती दुरुस्ती इथे सहज होत नाही. सरावाच्या आदल्या दिवशी स्थानिक मच्छीमारांना विचारलं की जाळी कुठे लावली आहेत आणि कुठे खोली नाही हे दोन्ही कळतं.

वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पश्चिमेला काळा ढग चढला आणि वारा अचानक पडला, तर शर्यतीचा विचार सोडून काठ गाठा. त्या शांततेनंतर येणारा झोत उलट्या दिशेचा आणि दुप्पट-तिप्पट जोराचा असू शकतो. मे २०२४ मध्ये कुगाव–कळाशी मार्गावरची प्रवासी बोट उजनीत अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. लाइफ जॅकेट घालून बंद बांधलेलं हवं, बोटीत ठेवलेलं नको.

सराव, तीन बोटी आणि दोन बोये

पंधरा बोटी जमायची वाट बघू नका. वीस मीटरची लाइन टाका, तीन बोटी, दोन मिनिटांची उलटी मोजणी. मधल्या बोटीने आपली खालची फट राखायची. तिसऱ्या बोटीचं काम ती फट चोरणं. हॉर्ननंतर एक मिनिट चाला, थांबा, परत या, जागा बदला. तासाभरात पंधरा स्टार्ट होतात. पहिल्या दिवशी मधली बोट बहुतेक वेळा हरते. चौथ्या-पाचव्या दिवशी चोराला वळवून लावणं जमू लागलं की मगच होकायंत्राच्या आकड्यांकडे वळा. किकर, कनिंगहॅम, आउटहॉल या शिडाचा आकार बदलणाऱ्या दोऱ्यांना तोवर एका ठरलेल्या खुणेवर बांधून विसरून जा.